इंजिन बदला, पण ऐब लपवू नका

अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. पण जुन्या गाडीला दुसरे इंजिन बसविण्याचे काम आपल्या मिस्त्री बांधवांकडे येतच असते. अडॅप्टर प्लेट कापून इंजिन गिअरबॉक्सला जोडले की काम संपले, हे आम्हांस मान्य नाही. क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत नसेल तर बेअरिंग व क्लच लवकर जातात. नव्या इंजिनाचा जोर जास्त असेल तर जुने गिअरही तुटतात. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आर.टी.ओ.ची मंजुरी हवी. नाहीतर अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो. हे सारे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. ऐब लपवून घेतलेली मजुरी हलाल कशी? गिऱ्हाईक ऐकत नसेल तर काम सोडावे; रोजी देणारा अल्लाह आहे.