राहिलेल्यांचा इतिहास

आपण बेटावर राहतो, असे वागळे इस्टेटमधल्या एखाद्याला सांगितले तर तो ती थट्टाच समजेल. रोड नंबर १६, रोड नंबर २२, किसननगर आणि चेकनाका एवढाच आपला भूगोल. पण कळव्याला जायचे तर खाडी ओलांडावी लागते आणि घोडबंदरवरून वसईकडे निघाले तरी खाडीच आडवी येते. पश्चिमेला समुद्र आहेच. ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतच्या या भूमीचे जुने नाव साष्टी. सहासष्ट गावांचे बेट म्हणून षट्षष्टी आणि तिचे साष्टी, अशी या नावाची उकल सांगतात.

या बेटावर शेती, मिठागरे आणि मासेमारी करून राहणारा एक मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज आहे. नाताळात तलावपाळीच्या चर्चवर रोषणाई होते तेव्हा आपल्यातले अनेकजण ती पाहायला जातात आणि परतताना हमखास कोणीतरी विचारतो, "ही मंडळी मूळची गोव्याची ना?" हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण या प्रश्नात एक अन्याय दडलेला आहे, आणि तो आपण सुशिक्षित म्हणवणाऱ्यांनी ओळखला पाहिजे, असे मला वाटते.

ही मंडळी गोव्याची नव्हेत, ती इथलीच आहेत. कोळी, कुणबी, आगरी, भंडारी अशा इथल्याच घरांतून ती आली. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरूंनी येथे धर्मांतरे घडवली. त्यात सक्ती होती, आमिष होते, देवळांचा विध्वंसही होता. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैवलेण्याचे तेव्हा चर्च झाले होते. ते लेणे आणि त्याच्या डोक्यावरचे पडके बांधकाम आजही हा इतिहास मूकपणे सांगते. हे लपवण्याचे कारण नाही. लपवून ठेवलेला इतिहास कधीतरी कडवट होऊनच बाहेर येतो.

पण आपले इतिहासवाचन नेमके इथेच थांबते. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, संपला धडा! मग प्रश्न असा की, पोर्तुगीज गेले तेव्हा हे ख्रिस्ती का गेले नाहीत? याचे उत्तर सरळ आहे. ते पोर्तुगीज नव्हतेच. त्यांची शेते, विहिरी, होड्या आणि पूर्वजांची हाडे इथे होती. परदेशी धर्मगुरू निघून गेले, राजाश्रय संपला. तरी इथल्याच मोजक्या धर्मगुरूंच्या आधाराने त्यांनी आपली उपासना चालू ठेवली. पोर्तुगीज सत्ता इथे सुमारे दोनशे वर्षे होती. ती जाऊन आता दोनशे ऐंशीहून अधिक वर्षे झाली. म्हणजे ज्या धर्माला आपण परक्यांनी लादलेला म्हणतो, तो या लोकांनी परक्यांच्या आधाराविना अधिक काळ सांभाळला आहे. इतका काळ सांभाळलेली वस्तू उसनी कशी म्हणायची?

या समाजाला आज ईस्ट इंडियन म्हणतात. हे नाव १८८७ सालचे, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातले. त्या काळी गोवा आणि मंगळूरकडचे ख्रिस्ती नोकरीसाठी मुंबईत येत होते. आपण त्यांच्याहून वेगळे, इथले मूळचे आणि कंपनी सरकारच्या वेळेपासूनचे चाकर, हे दाखवण्यासाठी हे नाव घेतले गेले. दैव पाहा, इथलेपण सिद्ध करण्यासाठी घेतलेल्या नावामुळेच आज ते बाहेरचे वाटतात! पण त्या नावाच्या आत डोकावले तर काय दिसते? लग्नाआधी वाजतगाजत आणलेले उंबराचे पाणी, नव्या भाताची लोंबी चर्चमध्ये नेण्याचा आगेऱ्याचा सण, उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत दडपून भरलेला मसाला आणि म्हाताऱ्या बायकांचे लुगडे. बोली आपल्या पुस्तकी मराठीहून वेगळी आहे, पण मराठीच.

त्याच १८८७ साली पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अलास्कातील ॲनेट बेटावर एक गाव वसत होते. त्सिमशियन नावाच्या आदिवासी समाजातील सुमारे आठशे माणसे विल्यम डंकन या मिशनऱ्याबरोबर कॅनडातून तिथे आली आणि त्यांनी मेटलाकाटला हे गाव उभे केले. चर्चचे वरिष्ठ आणि सरकार यांच्याशी उपासनेवरून व जमिनीवरून झालेला तंटा हे या स्थलांतराचे कारण. डंकनने त्यांना कारखानदारी शिकवली, पण त्यांचे जुने उत्सव आणि नाच बंद पाडले. म्हणजे तिथेही धर्माबरोबर सक्ती होतीच. १९१८ साली डंकन वारला. १९४८ साली गावातले मोठे चर्च जळाले. लोकांनी गाव सोडले नाही. १९५४ साली चर्च पुन्हा जुन्या रूपात उभे राहिले, आणि पुढे त्याच गावात त्सिमशियन नाच व लाकडी कोरीव खांबही परतले. गुरू गेला, मंदिर जळाले, माणसे मात्र राहिली. त्यांनी नवे सोडले नाही आणि जुनेही परत मिळवले.

मात्र या दोन बेटांत एक मोठा फरक आहे. अमेरिकेच्या काँग्रेसने १८९१ साली ॲनेट बेट त्या समाजासाठी कायद्याने राखून ठेवले. १९७१ साली अलास्कातील आदिवासींच्या जमिनीचा निवाडा झाला तेव्हाही मेटलाकाटलाने त्यात सामील न होता आपले बेट आपल्याकडेच ठेवले. साष्टीचे तसे झाले नाही. इथे रेल्वे आली, गिरण्या आल्या, कारखाने आले. भातखाचरांवर वसाहती झाल्या आणि गावांची गावठाणे तेवढी उरली. आपली वागळे इस्टेट हीदेखील साठच्या दशकातली, औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत. तिने हजारो घरांच्या चुली पेटवल्या, हे मी नाकारीत नाही. माझ्या घरची चूलही तिच्यावरच पेटली. पण जमीन मोकळी होती, ओसाड होती, असे जे आपण सहज बोलतो, ते तपासून बोलावे.

याच बेटावर अंधेरीला सीप्झ ही निर्यात वसाहत आहे. ती १९७३ सालची. तिच्या कुंपणाच्या आत कोंडिवटे गावचे सेंट जॉन बाप्टिस्टचे चर्च उभे आहे. १५७९ साली बांधलेले आणि १८४० च्या साथीनंतर सोडून दिलेले. छप्पर नाही, भिंती उभ्या आहेत. वर्षातून एकदा, मे महिन्यात, समाजाचे लोक तिथे जमून प्रार्थना करतात. एरवी फाटकावर पहारा. आपल्याच पूर्वजांच्या देवळात जायला वर्षाचा एक दिवस! पण लोक त्या एका दिवसाला चुकत नाहीत, हे मला त्या भग्न भिंतींपेक्षा मोठे वाटते. चर्च म्हणजे दगड नव्हे, पुन्हापुन्हा येणारी माणसे.

कोणी म्हणेल, मूठभरांच्या इतिहासाचे एवढे काय? पण इतिहास हा केवळ जिंकणाऱ्यांचा आणि हरून निघून जाणाऱ्यांचा नसतो. सत्ता बदलल्यावरही जे शेतात राहिले, त्यांचाही तो असतो. मराठी भाषेने तर हे कधीच मान्य केले आहे. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाला तिने सतराव्या शतकातच आपल्या मांडीवर घेतले, आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना दिले. भाषेला जे जमले, ते आपल्याला का जमू नये?

म्हणून एक सूचना करतो. आपल्या महाविद्यालयाच्या मराठी आणि इतिहास या दोन विभागांनी मिळून साष्टीतल्या गावठाणांची नोंद घ्यावी. शेतांची नावे, लग्नातली गाणी, चौकाचौकांतल्या क्रुसांवरचे लेख, आजीच्या तोंडचे शब्द. वह्या आपल्याकडे आहेत, वेळही आहे. सांगणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत. पुढच्या नाताळात तलावपाळीवर कोणी "ही मंडळी कुठची?" असे विचारले, तर उत्तर आपल्या तोंडी तयार असावे: इथलीच, आपल्याही आधीची.