कामाला गेली, म्हणून शहर पाहू नये?

मुंबईला नाहीतर दिल्लीला प्रशिक्षणाला गेलेली बाई घरी परतली, की गल्लीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काऊन वं बाई, टरेनिंगले गेल्ती का फिराले?" प्रश्न हसत विचारलेला असतो, पण त्यात टोचणी असतेच. मग ती बिचारी घाईघाईनं सांगते, "कुठचं फिरनं वं माय! हालच्या बाहीरबी नाही पडलो." जणू शहर न पाहणं हाच चांगल्या वागणुकीचा दाखला!

मैत्रिणींनो, या टोचणीला उत्तर म्हणून 'तारिणी'ची गोष्ट सांगावीशी वाटते. 10 सप्टेंबर 2017 ला नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून 21 मे 2018 ला गोव्यालाच परतल्या. 254 दिवस, 21,600 सागरी मैल आणि नौका जेमतेम 17 मीटरची! नेतृत्व वर्तिका जोशी यांचं, त्या ऋषिकेशच्या. प्रतिभा जामवाल कुलूच्या, तर विजया देवी मणिपूरच्या. म्हणजे समुद्र आपल्या वर्ध्याला जितका दूर, तितकाच यांच्याही गावांना.

आता गंमत बघा. या मोहिमेच्या उद्देशांत नौका चालवणं होतंच, पण वाटेतल्या बंदरांवर उतरून तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना भेटणं, त्यांच्याशी बोलणं हेही नौदलानं त्यात धरलेलं होतं. किनाऱ्यावर उतरणं म्हणजे कामचुकारपणा नव्हे, तो कामाचाच भाग आहे, असं चक्क सरकारी भाषेत सांगितलेलं!

न्यूझीलंडच्या लिटलटन बंदरातून डिसेंबरात निघालेली ही नौका चाळीसेक दिवस फक्त पाणी आणि वादळी वारा बघत, केप हॉर्नला वळसा घालून जानेवारी 2018 मध्ये पोर्ट स्टॅनलीला पोचली. फॉकलंड बेटांची ही राजधानी. राजधानी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दिल्ली येते. पण इथली वस्ती अडीच हजारांच्या आसपास, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी! तिथं चर्चशेजारी 1933 मध्ये निळ्या देवमाशांच्या जबड्यांच्या हाडांची कमान उभारली गेली. राजधानी एवढीशीही असू शकते, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचणं वेगळं आणि पायी फिरून बघणं वेगळं, नाही का?

पुढे परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि एप्रिल 2018 मध्ये ठरलेलं नसताना त्यांना मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईला थांबावं लागलं. त्या बंदरापाशी 'आप्रवासी घाट' आहे. 1834 पासून जवळजवळ पाच लाख गिरमिटिया मजूर भारतातून मॉरिशसला नेले गेले. उसाच्या मळ्यात राबायला निघालेल्या त्या माणसांमध्ये बायाही होत्या, मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. घाटाच्या दगडी पायऱ्या चढून त्या नव्या देशात शिरल्या. 2006 मध्ये युनेस्कोनं ही जागा जागतिक वारसा ठरवली. मॉरिशसमध्ये आजही गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. अशा पायऱ्यांसमोर जो अर्धा तास उभा राहील, त्याला 'फिरणं' म्हणायचं की शिकणं?

आपल्याकडे बाईचा प्रवास लग्न, बाळंतपण, दवाखाना आणि देव या चार कारणांसाठी चालतो. अलीकडे बचत गट, ग्रामपंचायत, परीक्षा, खेळाच्या स्पर्धा अशी नवी कारणं आली. चांगलं झालं. पण नुसतं बघण्यासाठी बघायला अजून परवानगी नाही. पुरुष सदस्यांच्या अभ्यासदौऱ्यात समुद्रकिनारा असतो, त्याला कुणी नावं ठेवत नाही. बाईनं मात्र प्रत्येक तासाचा हिशेब द्यायचा.

कुणी म्हणेल, खर्चाचं काय? सुरक्षिततेचं काय? प्रश्न खरे आहेत. पण जाण्यायेण्याचा मोठा खर्च तर झालेलाच असतो, आणि पाचसात जणी मिळून दिवसाउजेडी निघाल्या तर सोबतही आपसूकच होते. अडचण पैशाची कमी आणि "लोक काय म्हणतील"ची जास्त आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. बायांना मुंबईच्या 'सरस' प्रदर्शनाला किंवा प्रशिक्षणाला नेणाऱ्यांनी कार्यक्रमपत्रिकेतच अर्धा दिवस शहरासाठी लिहून ठेवावा, लपूनछपून नव्हे. गावदेवीचं मणिभवन बघता येईल. 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईला आले की तिथं उतरत. सेवाग्रामची बापूकुटी पाहिलेल्या आपल्या बायांना ते घर परकं वाटणार नाही. वेळ असेल तर गेटवेहून लाँचमध्ये बसून घारापुरीला जावं, पाऊण-एक तास समुद्रावर. देशभरातली माणसं आपलं सेवाग्राम बघायला येतात, त्यांना आपण कधी विचारतो का, की तुम्ही कामाला आलात की फिरायला?

आणि घरी आल्यावर कुणी टोचून विचारलंच, तर मान वर करून सांगा, "हो, काम केलं, अन् शहरबी पाहून आली. बस, सांगते काय काय पाहिलं ते!" ते ऐकून शेजारची पोर पुढच्या खेपेला जायचा हट्ट धरेल.