मीटरला न दिसणारी गळती

कोलकात्याच्या सॉल्ट लेकहून एका वाचकांनी पाठवलेला प्रश्न आमच्या दरवर्षीच्या पावसाळी टपालाला शोभेलसाच आहे. घरी बांधलेला १२एएक्स७चा प्रीॲम्प टॅग स्ट्रिपवर बिनतक्रार चालत होता. त्यात त्यांनी नवा पीसीबी बसवला : एचटी रेग्युलेटर आणि दोन्ही गेन स्टेज एकाच बोर्डावर. उन्हाळाभर उत्तम वाजला. पाऊस सुरू झाला तसा डावा चॅनेल फाटू लागला. व्हॉल्व्ह बदलले, कपलिंग कंडेन्सर बदलले, शेवटी रेग्युलेटरचा मॉसफेटही बदलला. दोष जागच्या जागी.

पत्रात बदललेल्या भागांची यादी आहे, व्होल्टेज मात्र एकही नाही. मोजण्याआधी बदलायची ही खोड आपल्या छंदाला जुनीच आहे, आणि चांदनी चौक किंवा लॅमिंग्टन रोडसारखा सुट्या भागांचा बाजार हाताशी असला की ती बळावते.

सुरुवात कॅथोडपासून करावी. एचटी २५० व्होल्ट, प्लेटला १०० किलोओहम, कॅथोडला १.५ किलोओहम असेल, तर १२एएक्स७मधून साधारण ०.८६ मिलिॲम्पियर वाहतो. म्हणजे कॅथोडवर सुमारे १.३ व्होल्ट आणि प्लेटवर १६०च्या वर हवेत. कॅथोड अडीच-तीन व्होल्टवर आणि प्लेट पन्नासच्या आसपास दिसली, तर ग्रिड कुठून तरी धन होत आहे. या वाचकांच्या बोर्डावर असेच दिसेल असा आमचा कयास आहे.

कुठून, याचे उत्तर हिशोबात आहे. ग्रिडपासून अर्थला १ मेगओहमचा रेझिस्टर आणि शेजारून २५० व्होल्टचा ट्रॅक. दोघांमध्ये १०० मेगओहमची गळती असली तरी ग्रिडवर जवळजवळ २.५ व्होल्ट चढतो. १.३ व्होल्टच्या बायसवर जगणाऱ्या व्हॉल्व्हला एवढे पुरेसे आहे. गंमत अशी, की मल्टिमीटर ओहमवर लावून हीच गळती शोधायला जाल तर बहुतेक मीटर ‘ओपन’ दाखवतात. त्यांची मर्यादा चाळीस-पन्नास मेगओहमच्या आसपास संपते, त्यात बॅटरीच्या दोन-तीन व्होल्टवर ती गळती तशी वागेलच असेही नाही. म्हणून बोर्ड निर्दोष ठरतो आणि दोष व्हॉल्व्हच्या माथी जातो.

खात्री करायची रीत सोपी आहे. वीज बंद करा, एचटीचे कंडेन्सर रेझिस्टरमधून उतरवा, उतरल्याचे मीटरने पाहा. मग व्हॉल्व्ह काढा आणि कपलिंग कंडेन्सरचे ग्रिडकडचे टोक सोडवा. पुन्हा एचटी देऊन ग्रिडच्या पिनवर मोजा. (व्हॉल्व्ह काढल्यावर रेग्युलेटर नसलेल्या सप्लायचा एचटी वर चढतो, कंडेन्सरचे रेटिंग आधी बघून ठेवा.) तरीही व्होल्टेज दिसला तर गळती बोर्डाची किंवा सॉकेटची. हे सगळे पावसाच्या दिवशीच करायचे. एसी लावून कोरड्या केलेल्या खोलीत दोष पळून जाईल.

सॉल्ट लेक वसले तेच खाऱ्या दलदलीत हुगळीचा गाळ भरून. तिथल्या पावसाळी हवेत बोर्डावर राहिलेला फ्लक्स ओल धरतो आणि ट्रॅकच्या मधली जागा वाहू लागते. मुंबई आणि कोकणातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. टॅग स्ट्रिपवर ग्रिडची तार हवेतून जात होती, म्हणून हा प्रश्न कधी उपटला नाही. पीसीबीवर एचटी आणि ग्रिड दोन-तीन मिलिमीटरवर येतात, आणि बोर्ड आखणाऱ्याने नीटसपणाच्या नादात त्यांना शेजारी बसवले तर आपण काय करणार?

करता येते ते असे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ताठ ब्रशने दोन्ही बाजू धुवा, कोमट हवेने वाळवा, पुन्हा मोजा. पाण्यात विरघळणारा फ्लक्स वापरला असेल तर तो पाण्यानेच धुवावा लागतो. गळती गेली की मगच कोटिंग द्या. आधी दिले तर घाण आत कोंडली जाते. सॉकेटच्या पिनांमध्ये काळी रेघ दिसली तर सॉकेट फेका, सिरॅमिकचा लावा. तपकिरी कागदी बोर्ड असेल तर धुण्यात वेळ न घालवता ग्रिडची पिन बोर्डापासून सोडवून रेझिस्टर थेट सॉकेटवर जोडावा.

आता थोडे कडू. या प्रीॲम्पला रेग्युलेटर हवा होता का? १०० हर्ट्झचा हम ऐकू येत असेल, तर तो एचटीतला रिपल असण्याचा संभव मोठा आणि रेग्युलेटरला अर्थ आहे. ५० हर्ट्झचा हम फिलॅमेंटच्या तारांतून, अर्थच्या चुकीच्या जोडणीतून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येतो. एचटी कितीही गुळगुळीत केला तरी तो हलत नाही. पत्रात हमची तक्रारच नाही. चालत्या यंत्रात सुधारणा करण्याची हौस आम्हालाही समजते, पण जुनी वायरिंग उचकटण्यापूर्वी तिचे व्होल्टेज लिहून ठेवले असते तर आज ताडून पाहायला काही तरी हाताशी असते.

वाचकांना विनंती : यापुढे दुरुस्तीचा प्रश्न पाठवताना प्रत्येक व्हॉल्व्हच्या प्लेट, ग्रिड आणि कॅथोडचे व्होल्टेज, फिलॅमेंटचा व्होल्टेज आणि त्या वेळचा मेन्सचा आकडा सोबत लिहा. दोन्ही चॅनेलचे आकडे शेजारी शेजारी असावेत. त्या दिवशी पाऊस होता की ऊन, तेही कळवा.