काही घडत नसतानाच्या नोंदी

आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यालगत मिर्दाल्सयोकुल नावाची मोठी हिमटोपी आहे आणि तिच्या पोटात कात्ला हा ज्वालामुखी. त्याच्या विवरावरचा बर्फ काही जागी ७०० मीटरपर्यंत जाड आहे, त्यामुळे डोंगराचे तोंड कुणाला दिसत नाही. १२ ऑक्टोबर १९१८ रोजी तो मोठ्या प्रमाणावर फुटला, तेव्हा वितळलेल्या बर्फाच्या लोंढ्याने इतका गाळ समुद्रात लोटला की किनाराच पुढे सरकला. अशा लोंढ्याला तिथे ‘योकुलह्लाउप’ म्हणतात आणि जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी तो शब्द जसाच्या तसा उचलला आहे. गेल्या काही शतकांत कात्ला शतकातून साधारण दोनदा फुटत आला. १९१८ नंतर मात्र मोठा उद्रेक झालेला नाही. तरीही तिथले भूकंपमापक वर्षभर बारीक हादरे टिपत असतात. त्यांतले बहुतेक इतके हलके, की त्या डोंगराच्या पायथ्याशी बसलेल्या माणसाच्या कपातला चहासुद्धा हलणार नाही. शंभर वर्षे न फुटलेल्या डोंगराची कुरकुर रात्रंदिवस लिहून ठेवण्यावर सरकारने पैसा का घालवावा, हा प्रश्न रास्त आहे. माझे म्हणणे असे, की बर्फाखालच्या ज्वालामुखीच्या बाबतीत याच कंटाळवाण्या नोंदी सर्वांत मोलाच्या असतात, कारण त्या नंतर कितीही पैसा ओतला तरी मिळत नाहीत. यंत्र उद्या विकत आणता येईल, पण न नोंदलेली वीस वर्षे बाजारात मिळत नाहीत.

त्यासाठी आधी हे हादरे येतात कुठून ते पाहायला हवे. शिलारस वर चढताना खडकाला चिरा पाडतो. त्या तडकण्याचा तरंग भूकंपमापकावर एकदम टोकदार उमटतो, कोरडी काटकी मोडावी तसा. द्रव किंवा वायू भेगांतून वाहू लागला की तरंग संथ, लांब पल्ल्याचे होतात आणि प्रवाह टिकून राहिला तर हादरा सुरू कुठे झाला आणि संपला कुठे हेच कळत नाही. नुसता अखंड कंप चालू राहतो. पहिला तरंग आणि त्याच्यामागून येणारा दुसरा, यांतल्या अंतरावरून हादरा किती लांब झाला ते काढतात. तीन-चार ठिकाणी यंत्रे असली की जागा आणि खोलीही कळते. इथपर्यंत सगळे ज्वालामुखी सारखेच. बर्फ आला की घोळ सुरू होतो, कारण हिमनदी स्वतःच हादरते. ती तळाच्या खडकावर घासत पुढे सरकते, तिला भेगा पडतात, कड्यावरून तिचे तुकडे कोसळतात, खालून पाणी धावते. हे हादरे उथळ आणि संथ असतात आणि खालून द्रव सरकतो आहे असा संशय यावा इतपत ते द्रव वाहण्याच्या हादऱ्यांसारखे दिसतात.

कात्लाच्या पश्चिम अंगाला गोदाबुंगा नावाचा भाग आहे. तिथले हादरे कित्येक वर्षे शास्त्रज्ञांना चकवत आले आहेत. त्यांचे प्रमाण दरवर्षी शरद ऋतूत वाढते. उन्हाळ्यात वितळलेले पाणी खडकात मुरते आणि वरच्या बर्फाचे वजन घटते, म्हणून हे होत असावे, असे एक म्हणणे होते. पुढे काहींनी मत मांडले की तिथे शिलारसाचा गोळा हळूहळू वर सरकतो आहे. २००९ मध्ये आणखी एका अभ्यासाने सांगितले की हा ज्वालामुखीचा नव्हे, हिमनदीच्या हालचालीचा आवाज असावा. तिन्ही खुलाशांपैकी कोणता खरा यावर गावे रिकामी करायची की नाही हे ठरते. आणि हा वाद घालता आला तोच मुळी वर्षानुवर्षांची रांग समोर होती म्हणून. ज्याच्याकडे एकाच मोसमाची नोंद आहे त्याला ऋतुचक्र दिसूच शकत नाही. वाढती संख्या पाहून तो घाबरेल किंवा उतरती पाहून निर्धास्त होईल, आणि दोन्ही वेळा चुकेल.

कात्लाच्या शेजारचा एयाफ्यातलायोकुल आपल्याकडे २०१० साली माहीत झाला, कारण त्याच्या राखेपायी मुंबईहून युरोपला निघालेले प्रवासी विमानतळावर अडकले. तिथल्या लोकांसाठी ती गोष्ट बरीच आधी सुरू झाली होती. १९९४ आणि १९९९ मध्ये त्या डोंगराखाली हादऱ्यांची गर्दी झाली, जमीन फुगली, म्हणजे शिलारस आत शिरला आणि तिथेच थांबला. उद्रेक झाला नाही. ‘फुकटचा आरडाओरडा’ म्हणून ही पाने कुणी फाडली नाहीत. १९९९ च्याच जुलैत कात्लाकडून सोल्हेमायोकुल या हिमनदीच्या वाटे अचानक पूर आला आणि यंत्रणा खडबडून जागी झाली. मार्च २००६ मध्ये पायथ्याच्या गावांत स्थलांतराची रंगीत तालीम झाली. फोनवर निरोप आला की अर्ध्या तासात निघायचे आणि घर रिकामे झाल्याची पाटी बाहेर लावून जायचे, म्हणजे शोध पथकाला दारोदार थांबावे लागणार नाही. तालीम मुख्यतः कात्लासाठी होती, उपयोगी पडली शेजाऱ्याच्या वेळी. १३ एप्रिल २०१० च्या रात्री अकराच्या सुमाराला शिखराखाली हादऱ्यांची झुंबड उडाली, मध्यरात्रीनंतर थोड्या वेळाने त्यांची जागा अखंड कंपाने घेतली आणि सुमारे ८०० लोकांना अंधारातच हलवण्यात आले. लोंढा सखल भागात पोहोचला तो सकाळी. बर्फाखालच्या उद्रेकाचा हा एक गुण म्हणावा लागेल: आग आणि पूर यांच्यामध्ये थोडा अवधी असतो. पण तो मोजायला घड्याळ आधीच चालू असावे लागते.

घड्याळ उशिरा लावले की काय होते ते कोलंबियातल्या आर्मेरो गावाने भोगले. नेवादो देल रुइझ हा माथ्यावर हिमनद्या असलेला ज्वालामुखी १९८४ च्या अखेरीस अस्वस्थ झाला. भूकंपमापक बसायला १९८५ चा जुलै उजाडला. नोंदी जागेवरून हाताने आणून तपासाव्या लागत. हे हादरे नेहमीचेच की वेगळे, हे सांगणारा आधीचा काळ जमेला नव्हता. धोक्याचा नकाशा ऑक्टोबरमध्ये तयार झाला आणि त्यात आर्मेरो चिखलाच्या वाटेवर दाखवलेलेही होते. १३ नोव्हेंबरच्या रात्री नऊनंतर उद्रेक झाला. तसा तो लहानच होता, पण त्याने माथ्यावरच्या बर्फाचा दहावा हिस्सा वितळवला आणि अडीच तासांच्या आत चिखलाची भिंत गावावर आली. सुमारे २३ हजार माणसे गेली. अपयश केवळ यंत्रांचे नव्हते. नकाशा हाती असून गाव हलवले गेले नाही, हा दोष प्रशासनाचा. तरीही मला वाटते की दोन्ही दोषांचे मूळ एक आहे. ज्या अधिकाऱ्याने त्या डोंगराविषयी पाच-दहा वर्षे दर आठवड्याला काही ना काही ऐकलेले नसते, त्याला पहिलाच इशारा अतिशयोक्ती वाटतो. तहान लागल्यावर विहीर खणली तर पाणी उशिरा लागते आणि लागले तरी त्यावर भरवसा बसत नाही.

यावर पहिला आक्षेप ‘लांडगा आला रे आला’चा. ऑगस्ट २०१४ मध्ये वात्नायोकुल हिमनदीखालच्या बार्दारबुंगा ज्वालामुखीजवळ हादरे सुरू झाले. २३ तारखेला बर्फाखाली उद्रेक झाल्याचा अंदाज बांधून विमानांसाठीचा इशारा लाल करण्यात आला आणि दुसऱ्याच दिवशी तो खाली आणावा लागला. हसायला जागा होती खरी. पण त्याच दोन आठवड्यांत हजारो हादऱ्यांच्या जागा नकाशावर मांडत गेल्यावर शिलारस जमिनीखालून ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापत ईशान्येकडे निघाल्याचे रोजच्या रोज दिसत होते. तो अखेर बर्फाच्या कडेबाहेर होलुह्राउनच्या माळावर वर आला. बर्फाबाहेर आला म्हणून पूर टळला, आणि तो बाहेर येण्याची शक्यता हादऱ्यांच्या वाटचालीवरूनच बोलून दाखवता आली. सहा महिने लाव्हा वाहिला, बार्दारबुंगाच्या विवराचा तळ सुमारे ६५ मीटर खचला, कुणाचा जीव गेला नाही. एका दिवसाचा लाल दिवा या हिशेबात फार महाग पडला असे मला वाटत नाही. उलट प्रकारची चूकही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मार्च २०१० मध्ये एयाफ्यातलायोकुलच्या कुशीत पहिला लहान उद्रेक झाला, तेव्हा आठवडेभर हजारो हादरे नोंदले जात होते, तरी नेमका क्षण यंत्रांना उमगला नाही. आकाशातला उजेड पाहून माणसांनीच कळवले. म्हणजे भूकंपमापक भविष्य सांगत नाही. शक्यतांचा अंदाज देतो, आणि तोही त्या डोंगराचा स्वभाव आधी टिपलेला असेल तरच.

दुसरा आक्षेप जास्त जाणकार आहे. उपग्रह आहेत, जीपीएस आहे, मग दगडात यंत्रे पुरून कशाला बसायचे? जमिनीचा फुगवटा मोजायला जीपीएसला तोड नाही, हे मान्य. पण जिथे जमीन शेकडो मीटर बर्फाखाली आहे आणि वरचा बर्फ सतत वाहतो, साचतो, वितळतो, तिथे उपग्रहाच्या रडारला खालच्या खडकाचे सरकणे वाचता येत नाही. शिवाय उपग्रह आपल्या फेरीने येणार, आणि हे प्रकरण कधी कधी तासांत आटोपते. ग्रीम्सवोत्न या तिथल्याच बर्फाखालच्या ज्वालामुखीच्या २०११ च्या उद्रेकाआधी भूकंपमापकांवर स्पष्ट खुणा दिसल्या त्या जेमतेम तासभर. खडकातला आवाज तेवढ्या वेळात पोहोचतो. आता तर बर्फात पुरलेल्या प्रकाशतंतूच्या केबललाच हजारो भूकंपमापकांसारखे वापरण्याचा प्रयोग याच ग्रीम्सवोत्नवर २०२१ मध्ये झाला आणि नेहमीच्या जाळ्यातून निसटणारे कितीतरी हादरे त्यात सापडले. नवे तंत्र चांगलेच आहे. मात्र त्या प्रयोगातल्या केबलने काही आठवडे ऐकले, आणि प्रश्न दशकांचा आहे. बर्फातून डोके काढलेल्या खडकावर बसवलेले जुने यंत्र हिवाळ्यात सूर्य नसताना, पवनचक्कीच्या पात्यांवर बर्फाचे थर चढलेले असताना चालू ठेवणे, हे काम कोणत्याही शोधनिबंधात चमकत नाही. अंदाजपत्रकात कात्री लागते ती नेमकी तिथे.

नोंदी उघड कराव्यात का, यावरही मतभेद आहेत. आइसलँडच्या हवामान खात्याकडून हादऱ्यांची यादी लोकांना जवळजवळ तात्काळ खुली होते, माणसाने तपासण्याआधीचे आकडेसुद्धा. सामान्य माणूस घाबरेल, अफवा उठतील, असे म्हणणारे आपल्याकडेही कमी नाहीत. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून हादऱ्यांची मालिका सुरू झाली आणि लोक थंडीत उघड्यावर झोपू लागले. ती भीती आकडे पाहून आलेली नव्हती. पायाखाली काय चालले आहे हे सांगणारे जवळ कुणी नव्हते म्हणून ती वाढली. कोयनेच्या खोऱ्यात चित्र वेगळे आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर तिथे अर्धशतकाहून अधिक काळ नोंदी साठत गेल्या, म्हणूनच धरणातल्या पाण्याच्या चढउताराशी बारीक हादऱ्यांचे नाते लावता येते. कात्लावर बर्फाचे वजन आणि पाणी, कोयनेत जलाशयाचे. दोन्हीकडे वर्षाचे चक्र ओळखायला वर्षेच लागली.

खर्चाचे म्हणाल तर आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत-बाहेर आहे. २०१० च्या राखेने विमान कंपन्यांचे सुमारे १७० कोटी डॉलर बुडाल्याचा अंदाज त्यांच्याच जागतिक संघटनेने दिला होता. नुकसान युरोपभर आणि पहारा एका लहान देशाच्या खिशातून, ही वाटणी न्याय्य नाही. त्या धक्क्यानंतर युरोपीय संघाने आइसलँडच्या ज्वालामुखींवरील एका मोठ्या संशोधन प्रकल्पाला पैसे दिले, आणि तो चालू असतानाच बार्दारबुंगा जागा झाला. त्याला नियोजन म्हणण्यापेक्षा नशीब म्हणणे बरे. शिवाय प्रकल्पाला मुदत असते, ज्वालामुखीला नसते. युरोपच्या आकाशातून उडणाऱ्या प्रत्येक तिकिटावर पैशा-दोन पैशांचा भार टाकून अशा जाळ्यांचा कायमचा निधी उभारावा, असे मला वाटते. विमानतळ शुल्काच्या लांबलचक यादीत तो कुणाच्या लक्षातही येणार नाही.

हिमालयात असे ज्वालामुखी नाहीत, पण बर्फ आणि खडक एकत्र कोसळतात. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोलीत रोंती शिखराचा भाग सुटला आणि दोनशेहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. त्या प्रदेशातल्या भूकंपमापकांनी तो ढिगारा दरीतून धावताना नोंदला होता. त्या नोंदी नंतर बारकाईने वाचल्या गेल्या. त्या वेळी वाचणारे कुणी असते तर खालच्या बोगद्यात काम करणाऱ्यांना काही मिनिटे मिळाली असती.

जुलै २०११ मध्ये कात्लाने पुन्हा चुणूक दाखवली. भूकंपमापकांवर कंप दिसला, बर्फाच्या पृष्ठभागावर खळगे पडले आणि मुलाकविस्ल नदीवरचा महामार्गाचा पूल लोंढ्याने नेला. बर्फाखाली लहानसा उद्रेक झाला की नुसती उष्णता वाढली, यावर अजून एकमत नाही. कात्लाजवळच्या वीक गावातले चर्च उंच टेकडीवर आहे आणि कात्ला फुटला तर तिथे जमायचे, हे गावकऱ्यांना ठाऊक आहे. या शरदातही गोदाबुंगाचे हादरे वाढतील, आणि रेक्याविकमधल्या हवामान खात्यात कुणीतरी एकेकाची जागा आणि खोली तपासून त्यांना मागच्या शरदाच्या शेजारी लिहून ठेवील.