उन्हाळ्यात टायरमधली हवा कमी करावी का? यवतमाळच्या ४५ अंशांतलं गणित

मार्च संपत आला की विदर्भातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला हमखास फिरायला लागतो. उन्हाने टायरमधली हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून उन्हाळाभर हवा चार-पाच पॉईंट कमी ठेवा. यवतमाळ जिल्ह्यात तो लगेच पटतो. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपर्यंत जातो. श्रीनगर-कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ पांढरकवड्यावरून जातो, तर वर्ध्याहून नांदेडकडे जाणारा ३६१ यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा जिल्हा कापत जातो. दोन्हीवर गाड्या सुसाट धावतात.

या सल्ल्याचा पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग मात्र जिवावर बेतू शकतो.

टायरच्या आत नेमकं काय चालतं?

गारपिटीत टिनाच्या छपरावर गारा पडतात तेव्हा एकेका गारेचा आवाज वेगळा ऐकू येतो. गारा असंख्य झाल्या, तर वेगवेगळे ठोके उरणार नाहीत, छपरावर एकसारखा भार जाणवेल. वायूचा दाब असाच तयार होतो. हवेचे रेणू कधीच स्वस्थ नसतात. साध्या तापमानाला नायट्रोजनचा रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावतो, म्हणजे तासाला १,८०० किलोमीटर. असे अब्जावधी रेणू टायरच्या भिंतीवर सतत आदळत असतात. त्या माऱ्याला आपण दाब म्हणतो.

दाब वाढवायचे तीन रस्ते आहेत. तेवढ्याच जागेत आणखी रेणू कोंबायचे, जे हवा भरणारा करतो. किंवा आहे तेवढ्या रेणूंची जागा कमी करायची. जागा निम्मी केली आणि तापमान तेच ठेवलं तर दाब दुप्पट होतो, हे रॉबर्ट बॉईलने १६६२ मध्येच मांडलं होतं. तिसरा रस्ता तापवण्याचा. रेणू तापले की वेगाने धावतात, जोरात आदळतात आणि जास्त वेळा आदळतात.

टायर फुग्यासारखा ताणला जात नाही, त्यातल्या तारांच्या थरांमुळे त्याचं आकारमान जवळपास तेवढंच राहतं. त्यामुळे तापलेल्या हवेला पसरायला जागा मिळत नाही आणि सगळी वाढ दाबात दिसते. मात्र हे गणित सेल्सिअसमध्ये करून चालत नाही. रेणूंची हालचाल शून्य अंशाला थांबत नाही, म्हणून मोजणी उणे २७३ अंशांपासून करावी लागते. २७ अंश म्हणजे ३०० केल्विन. पारा २७ वरून ४५ वर गेला तर आकडा दीडपटीहून जास्त झाल्यासारखा वाटतो, पण केल्विनमध्ये ३०० चे ३१८ होतात. वाढ फक्त सहा टक्के.

आता मे महिन्यातली एक सहल

समजा, यवतमाळमधल्या एका गाडीच्या दाराजवळच्या स्टिकरवर ३३ पीएसआय लिहिलंय आणि सकाळी २७ अंशांना तेवढीच हवा भरली. पंपावरचा काटा बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे एवढंच दाखवतो. बाहेरच्या हवेचा दाब वेगळा मिळवावा लागतो. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचीवर आहे, तिथे तो सुमारे १४ पीएसआय धरता येईल. म्हणजे टायरमधला खरा दाब ४७.

दुपारी ४५ अंशांत गाडी नुसती सावलीत उभी असेल तर काटा ३६ च्या आसपास जाईल. महामार्गावर तासभर पळवली आणि आतली हवा ७५ अंशांपर्यंत तापली, तर ४७ चे साडेचोपन्न होतात आणि काटा ४० च्या पुढे सरकतो. हे बघून कुणाचाही जीव दडपेल. पण चांगल्या स्थितीतला टायर याच्या कितीतरी पट दाब सोसू शकतो, आणि कंपनीने ३३ हा आकडा थंड टायरसाठीच, पुढची वाढ गृहीत धरून दिलेला असतो. सात-आठ पीएसआयच्या वाढीने धडधाकट टायर फुटत नाही.

घोळ इथून पुढे होतो. चालक ढाब्यावर थांबतो, शेजारच्या दुकानात हवा बघतो आणि ४० चे ३३ करून घेतो. दाब कमी झाला तो रेणू बाहेर सोडून. संध्याकाळी गाडी घरी येते, रात्रीतून टायर थंड होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा २७ अंशांना काटा किती दाखवेल? साधारण साडेसव्वीस. ३३ ऐवजी साडेसव्वीस, म्हणजे काट्यावरचा पाचवा भाग दाब गायब, आणि मालकाच्या मते टायरमध्ये हवा अगदी बरोबर!

हवा कमी असली की टायर रस्त्यावर जास्त पसरतो आणि त्याच्या बाजू प्रत्येक फेरीत जास्त वाकतात. ताशी १०० किलोमीटरला मोटारीचं चाक सेकंदाला चौदा-पंधरा वेळा फिरतं. तितक्या वेळा रबर वाकतं, सरळ होतं, आणि त्या घुसळणीतून उष्णता तयार होते. अति तापलेल्या रबराची तारांवरची पकड सुटते, थर वेगळे होतात आणि टायर फुटतो. म्हणजे ज्या उष्णतेची भीती घालून हवा कमी करायला सांगतात, तीच उष्णता कमी हवेमुळे वाढते.

याची मोठी किंमत अमेरिकेने मोजली आहे. फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवरच्या फायरस्टोन टायरचे थर सुटून अपघात होऊ लागले. ऑगस्ट २००० मध्ये कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. अडीचशेहून अधिक मृत्यू या टायरशी जोडले गेले. दोष टायरचा की गाडीचा, यावर दोन्ही कंपन्या भांडत राहिल्या. पण बरेच अपघात टेक्सास, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांतले होते, आणि गाडीसाठी शिफारस केलेला दाब होता फक्त २६ पीएसआय. त्यानंतर अमेरिकेने नव्या गाड्यांत हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची केली.

आपल्याकडे उलट घडतं. अपघात झाला की पहिला संशय टायरवर. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, २५ जण गेले. प्रवासी नागपूर, वर्धा आणि यवतमाळकडचे होते. टायर फुटला, असं चालकाने सांगितलं आणि तेच सगळीकडे पसरलं. परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. घटनास्थळी ना रबराचे तुकडे सापडले ना तशा खुणा. वेळही रात्रीची, पावसाळ्यातली. ‘टायर फुटला’ म्हटलं की झोप, वेग, थकवा हे प्रश्न आपोआप मागे पडतात.

मग नायट्रोजन?

‘नायट्रोजन फुगत नाही’ हेही असंच एक फॉरवर्ड. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि तापमान वाढलं की त्याचाही दाब त्याच हिशेबाने वाढतो. तो कोरडा असतो आणि थोडा हळू गळतो, एवढाच काय तो फायदा. ज्याला परवडतं त्याने भरावा, पण म्हणून काट्याकडे बघणं सोडू नये.

हवा तपासायची ती सकाळी, गाडी निघण्याआधी. प्रवासात काटा वर गेलेला दिसला तरी हवा सोडायची नाही. आणि दाराजवळचं स्टिकर नीट वाचलं तर बऱ्याच गाड्यांत दोन आकडे दिसतात. एक नेहमीसाठी, दुसरा भरलेल्या गाडीसाठी, आणि दुसरा जास्त असतो. लग्नसराईत सहा माणसं आणि सामान घेऊन पुसदहून नागपूरला निघालेल्या गाडीला नेमका तोच लागू होतो.