अक्कांना कुणी विचारलं का?

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि चहा येईपर्यंत गप्पांचा फड जमला. विषय एकच, आमच्या गल्लीतल्या अक्का. त्यांच्या मुलाचा लंडनहून फोन आला होता. यंदा अक्कांना साठ पूर्ण होताहेत. मुलाचं म्हणणं असं की, आईनं आधी त्याच्याकडे यावं, महिनाभर राहावं आणि मग सगळ्यांनी मिळून जहाजानं अमेरिकेला जावं. तिकडे न्यू जर्सीत अक्कांची लेक आहे. साउथम्प्टन ते न्यूयॉर्क, सात रात्री, मध्ये कुठे थांबणं नाही. सगळा अटलांटिक महासागर आडवा कापायचा!

पिंगळीत ही बातमी पसरायला किती वेळ लागतो? स्टेशनवर पॅसेंजर थांबून सुटते ना, तेवढाच.

मग ज्याला त्याला मत सुचलं. थोरल्या दिरांनी टायटॅनिक काढलं. जाऊबाईंना तिथल्या खाण्यापिण्याची चिंता. शेजारणीला प्रश्न पडला, "दोन महिने दादांच्या जेवणाचं काय?" कुणी गुडघ्यांची आठवण करून दिली, कुणी साखरेची. उलट आमच्या गटातल्या तरुण पोरी, "जाच अक्का, फोटो पाठवा!" म्हणून मागे लागलेल्या. अक्का आपल्या कोपऱ्यात बसून वाती वळत होत्या. मी विचारलं, "अक्का, तुम्हाला जायचंय का?" त्यांनी वर बघितलं, जरा गोंधळल्या आणि म्हणाल्या, "बघू माय, हे काय ठरवतात ते."

फोन दादांच्या मोबाइलवर आलेला, चर्चा दिरांच्या ओसरीवर झालेली. जिला जायचं तिला विचारलं कुणीच नव्हतं.

घरी आल्यावर मला एक गोष्ट आठवली. अक्का काही पहिल्यांदा परदेशी निघालेल्या नाहीत. सहा वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला त्या न्यू जर्सीला जाऊन आल्या आहेत. एकट्या! इंग्रजी येत नाही, मध्ये विमान बदलायचं, हातात मुलानं लिहून दिलेला कागद. तिथं कडाक्याच्या थंडीत सहा महिने डिंकाचे लाडू, बाळाची अंघोळ-मालिश, स्वयंपाक, भांडी सगळं केलं. तेव्हा गुडघे नव्हते का? साखर नव्हती? दादांच्या जेवणाचं काय, हा प्रश्न तेव्हा कुणाच्याच तोंडी आला नाही. "आईनं जायलाच पाहिजे," हे गावानं एका मिनिटात ठरवून टाकलं होतं.

म्हणजे बाईला कामाला पाठवताना कुणाला भीती वाटत नाही. मौजेला निघाली की मात्र समुद्र खोल होतो!

मैत्रिणींनो, महाराष्ट्रातल्या एका मुलीनं हाच समुद्र ओलांडायचं ठरवलं, तेव्हा तिला कोणते प्रश्न विचारले गेले ते बघा. आनंदीबाई जोशी. शाळेत धडा होता आपल्याला, २०१९ मध्ये सिनेमाही येऊन गेला, त्यामुळे नाव सगळ्यांना माहीत आहे. पण मला त्यांच्या डॉक्टरकीपेक्षा २४ फेब्रुवारी १८८३ हा दिवस जास्त आठवतो. गोपाळराव तेव्हा पोस्टाच्या नोकरीत बंगालमधल्या श्रीरामपूरला होते. बायको अमेरिकेला निघाली हे कळल्यावर लोकांनी भंडावून सोडलं. तेव्हा तिथल्या कॉलेजात सभा भरली आणि अठराही पूर्ण न झालेली ही मुलगी उभी राहून इंग्रजीत बोलली. लोक जे जे विचारत होते, ते प्रश्न तिनं स्वतःच एकेक करून मांडले. अमेरिकेलाच का? इथं शिकायची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचं काय? काही संकट आलं तर? आणि आजवर कुठल्या बाईनं केलं नाही ते तूच का करतेस?

प्रत्येकाला तिच्याकडे उत्तर होतं. एकटी का, तर दोघांना पुरेल एवढा पैसा नाही आणि घरची माणसं नवऱ्यावर अवलंबून आहेत. जातीचं म्हणाल तर मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. चौदाव्या वर्षी झालेलं तिचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं. बायकांना बायकांकडून औषध मिळायला हवं, हे तिला त्या दुःखातून कळलेलं. ७ एप्रिल १८८३ ला ती कलकत्त्याहून जहाजात बसली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. जवळपास दोन महिने पाण्यावर आणि प्रवासात. सोबत नवरा नाही, घरचं कुणी नाही.

इथं कुणी म्हणेल, अहो, ठरवलं ते गोपाळरावांनीच. खरं आहे. शिकवायचा ध्यास त्यांचा, तोही फार कडक, प्रसंगी हात उगारण्यापर्यंत. अमेरिकेशी पत्रव्यवहारही त्यांनीच सुरू केला होता. मला हे नेहमी टोचतं. पण निदान त्या सभेत तरी उत्तरं तिची होती, तिच्या तोंडून आली. अक्कांच्या बाबतीत एवढंही झालेलं नाही.

आमच्या गटातल्या एका बाईनं मला लगेच टोकलं, "ताई, कुठं आनंदीबाई आणि कुठं आपण! ती शिकायला गेली, अक्का फिरायला चालल्यात." बरोबर आहे, फरक आहेच. पण बाईनं घराबाहेर पाऊल टाकायचं तर दर वेळी मोठं कारण दाखवलंच पाहिजे का? बाळंतपण चालतं, वारी चालते, दवाखाना चालतो. नुसतं बघावंसं वाटलं म्हणून का चालू नये? आणि पंडिता रमाबाई बघा. त्या इंग्लंडात होत्या. आनंदीबाई त्यांच्या नात्यातल्या. तिच्या पदवीदानाला या, असं कॉलेजच्या प्रमुख बाईंनी बोलावलं आणि रमाबाई पाच वर्षांचीही न झालेली लेक मनोरमा हिला घेऊन लिव्हरपूलहून जहाजात बसल्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पोचल्या आणि ११ मार्चचा तो सोहळा त्यांनी डोळ्यांनी पाहिला. आपल्या माणसाच्या आनंदासाठी अटलांटिक ओलांडला त्यांनी. पुढे तिथं त्यांच्या हातून मोठं काम झालं, पण निघाल्या तेव्हा निमित्त सोहळ्याचंच होतं.

मी हे सांगतेय खरी, पण माझं स्वतःचं काय? लग्नानंतर दहा वर्षांनी एका शिबिरासाठी मला दिल्लीला जायचं होतं. घरून कुणीही अडवलं नव्हतं. मीच आधी सासूबाईंचं, मग मुलांच्या परीक्षेचं कारण काढून नको म्हटलं. ठरवायची सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का आपणहून आल्या. पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "तू काल विचारलंस ना, तर मलाच काही विचारायचंय." आणि मग बाई बोलायला लागल्या! जहाजात पोट ढवळलं तर? वरण-भात मिळेल का? रात्री जहाज हललं तर कळतं का?

मी भाच्याला फोन लावून, इकडून तिकडून माहिती काढून एकेक सांगितलं. मुलगा म्हणतोय ते क्वीन मेरी २, खास हा महासागर ओलांडण्यासाठीच बांधलेलं जहाज. शाकाहारी जेवण आधी सांगितलं की करून देतात. खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घेतली तर हेलकावे कमी लागतात, आणि आलेपाक आपला आहेच. हिवाळ्यात तो समुद्र फार खवळलेला असतो, उन्हाळ्यात त्या मानानं शांत. टायटॅनिक बुडाली १९१२ मध्ये, तेव्हा सगळ्यांना पुरतील एवढ्या होड्याच नव्हत्या. त्यानंतर कायदे बदलले. आता प्रत्येकाला होडीत जागा असावीच लागते आणि सुरुवातीलाच सगळ्यांना गोळा करून कवायत घेतात. अमेरिकेचा व्हिसा अक्कांचा दहा वर्षांचा आहे, तो अजून चालतो. इंग्लंडचा मात्र वेगळा काढावा लागेल. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल भारी येतं, म्हणून आधीच असलेली साखर आणि रक्तदाब धरून विमा उतरवावा. गोळ्या दोन महिन्यांच्या, त्या हातातल्या पिशवीत. एक गंमतही सांगितली. पश्चिमेला जाताना बहुतेक रात्री घड्याळ एकेक तास मागं करतात. "म्हणजे तासभर जास्त झोप?" अक्का खुदकन हसल्या. "इथं तर पहाटे पाचलाच नळ येतो!"

आणि मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "मी पाण्यावर असताना इकडं यांचं काही झालं तर?"

याला माझ्याकडे गोड उत्तर नव्हतं. दादांना दोन वर्षांपूर्वी हृदयाचा त्रास होऊन गेलाय. मी सरळ सांगितलं, "अक्का, फोन पोचेल, पण तुम्हाला मध्येच उतरता येणार नाही. किनारा येईपर्यंत थांबावंच लागेल." त्या बराच वेळ गप्प बसल्या. या एका कारणासाठी त्या नको म्हणाल्या, तर मी त्यांना मुळीच नावं ठेवणार नाही. जहाज राहू द्या, विमानानं जाते म्हणाल्या तरी चालेल. तरुण पोरींनी ढकललं म्हणून जाणं आणि दिरांनी भीती घातली म्हणून राहणं, दोन्ही मला सारखंच वाटतं.

उठताना त्यांनी विचारलं, "रमाबाईंची ती लेक, बोट लागली असंल का गं तिला?"

अजून काही ठरलेलं नाही. दादांची तपासणी परभणीला पुढच्या आठवड्यात आहे, तो कागद आधी बघणार म्हणतात. आषाढी होईपर्यंत कुठलंच तिकीट काढायचं नाही, एवढं मात्र अक्कांनी मुलाला कळवलंय. आणि रविवारी त्याचा फोन येईल तो त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर. नंबर तर त्याच्याकडे पहिल्यापासून होताच.