तिसऱ्या मितीचा हव्यास

आंतरजालाविषयी बोलताना आपण मराठीत दोन रूपके सारख्याच सहजतेने वापरतो. 'संकेतस्थळ' हे जागेचे रूपक. 'मुखपृष्ठ' हे ग्रंथाचे. जुन्या काव्यशास्त्रातील संकेतस्थळी नायिका पायी चालत जाई. मुखपृष्ठ मात्र नुसते उलटावे लागते. एक चालायला लावते, दुसरे वाचायला. पहिले रूपक शब्दशः खरे मानून पडद्यावर दालने, जिने आणि फडताळे उभारण्याचा जो सोस गेली तीन दशके अधूनमधून उसळतो, तो वाचकाच्या मुळावर येणारा आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

या सोसाचे पितृत्व अभियंत्यांइतकेच साहित्यिकांकडेही जाते. विल्यम गिब्सनने 'न्यूरोमॅन्सर' (१९८४) या कादंबरीत माहितीला झगमगत्या भौमितिक आकृत्यांचे अवकाश दिले. नील स्टीफनसनने 'स्नो क्रॅश' (१९९२) मध्ये त्याला रस्ता आणि वस्ती दिली, 'मेटाव्हर्स' हे नावही दिले. कादंबरीत हे शोभते, कारण तेथे पात्रांना वावरायला जागा हवी असते. पण २०२१ साली फेसबुक या कंपनीने त्याच शब्दावरून 'मेटा' हे नाव धारण केले, तेव्हा कथेतील नेपथ्याला बांधकामाचा नकाशा समजण्याची चूक पुन्हा एकदा झाली.

'ज्युरासिक पार्क' (१९९३) या चित्रपटातील प्रसंग अनेकांना आठवत असेल. दाराशी डायनोसॉर उभा आहे, आणि एक मुलगी पडद्यावरच्या ठोकळ्यांच्या नगरीवरून तरंगत दाराचे कुलूप लावणारी फाइल शोधते आहे. ती नगरी काल्पनिक नव्हती. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीची ती खरीखुरी प्रणाली होती. प्रसंग थरारक होतो तो विलंबामुळे. नाव टंकून फाइल क्षणात सापडली असती, तर दिग्दर्शकाच्या हाती काय उरले असते? दिग्दर्शकाला विलंब हवाच असतो. वाचकाला तो का हवा असावा?

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. मायक्रोसॉफ्टचा 'बॉब' (१९९५) घरातल्या खोल्या दाखवीत असे. वर्षभरातच तो गुंडाळला गेला. गूगलचे 'लाइव्हली' २००८ च्या जुलैत आले आणि डिसेंबरअखेर मिटले. विंडोज व्हिस्टातील (२००७) तिरक्या खिडक्यांची चळत २०१२ च्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. त्या चळतीत पुढची खिडकी मागचीला झाकत होती.

कारणे गूढ नाहीत. पडदा सपाट आहे, माऊस दोनच दिशांनी सरकतो. त्रिमितीय अवकाशात मात्र जागेच्या तीन आणि रोखाच्या तीन अशा सहा गोष्टी सांभाळाव्या लागतात. पुढची वस्तू मागचीला झाकते, दूरची अक्षरे वाचता येत नाहीत. जे वाचायचे आहे त्यावरचे लक्ष चालण्यात खर्च होते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. मानवी स्मरण जागेला चिकटून असते. छत कोसळल्यावर कोण कोठे बसले होते ते आठवून सिमोनिडीसने मृतांची ओळख पटवली, ही सिसेरोने सांगितलेली कथा स्मृतिप्रासादाच्या परंपरेचा आरंभ मानली जाते. मग पडद्यावरचा प्रासाद का नको? आमचे उत्तर असे, की स्मृतिप्रासाद स्मरण करणाऱ्याने स्वतः रचलेला असतो. पडद्यावर आपण परक्याच्या वाड्यात शिरतो. शिवाय जागेची आठवण राहण्यासाठी खोली लागतेच असे नाही; पानाच्या डाव्या अंगाला, खालच्या बाजूस वाचलेले वाक्य आपल्याला वर्षांनंतरही तेथेच दिसते.

प्रयोगांची साक्षही याच दिशेची आहे. १९९८ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'डेटा माउंटन' नावाच्या रचनेत शंभर पाने मांडायला दिली, आणि ती नेहमीच्या यादीपेक्षा लवकर सापडली. त्रिमितीचे कैवारी हा दाखला उत्साहाने देतात. पण तेथे उतरणीसारखे एकच प्रतल होते, आणि पाने वाचकाने स्वतः मांडलेली होती. पुढे न्यूझीलंडमधील कॉकबर्न आणि मॅकेन्झी यांनी २००२ मध्ये सपाट, अर्धवट खोल आणि पूर्ण त्रिमितीय मांडण्या ताडून पाहिल्या. संगणकावरच्याच नव्हेत, तर प्रत्यक्ष हाताने केलेल्याही. तिसऱ्या मितीचे स्वातंत्र्य जसे वाढत गेले, तशी लोकांची कामगिरी खालावत गेली, आणि मांडणी अधिक गजबजलेली वाटू लागली. दोष केवळ यंत्राच्या अपुरेपणाचा असता, तर प्रत्यक्ष मांडणीत असे घडते ना.

वेरूळचे कैलास लेणे पडद्यावर फिरून पाहायचे असेल, तर तिसरी मिती हवीच. शरीररचना शिकतानाही हवी. जी वस्तू मुळात त्रिमितीय आहे तिच्याविषयी आमची तक्रार नाही. ग्रंथसंग्रह मात्र तशी वस्तू नव्हे. फडताळे असतात ती कागदाला जागा लागते म्हणून. मजकुराला जागा लागत नाही, पत्ता लागतो. लेखनसंस्कृतीने शतकानुशतके खपून हेच साधले: वर्णानुक्रम, पृष्ठांक, सूची. ज्ञानेश्वरीतील नऊ हजारांच्या आसपास ओव्यांपैकी हवी ती अध्याय आणि ओवीच्या क्रमांकाने तत्काळ गाठता येते. तेथवर कोणाला चालत जावे लागत नाही. पडद्यावरचे दालन ही सुटका रद्द करते आणि तिलाच प्रगती म्हणते.

हा केवळ अभिरुचीचा वाद नाही. जुने ग्रंथ आणि नियतकालिके संगणकावर आणण्यासाठी आपल्याकडे पैसा आणि माणसे मोजकीच असतात. ती आभासी दालनांवर खर्च झाली, तर शुद्ध युनिकोड मजकूर आणि विश्वासार्ह सूची मागे राहतात. पडदा-वाचक प्रणालीने ऐकून वाचणाऱ्या अंध विद्यार्थ्याला चित्रातील फडताळ भिंतीसारखे असते. खेड्यातील महाविद्यालयाच्या जुन्या संगणकावर ते उघडतही नाही. म्हणून साहित्याच्या अध्यापकांना आमचे सांगणे आहे: अंकीकरणाचा प्रस्ताव समोर येईल तेव्हा दालनाची शोभा पाहून मान डोलावू नका, आधी सूची दाखवा म्हणा. रूपक कोठे संपते हे ओळखणे हा आपल्या विद्येचा पहिला धडा आहे. तो आपणच विसरलो, तर विक्रेत्याला बोल कसा लावणार?